कॅलिफोर्नियात घरच्या वृद्धांसाठी आयएचएसएस: अर्ज, तास आणि अडचणी

अंगणवेल
नमस्कार मंडळी. साबांसाठी (सासूबाईंसाठी) आयएचएसएसचा अर्ज करायचा आहे, म्हणजे इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, घरच्या मदतनिसाचा पगार देणारी सरकारी योजना. वय ८१, ग्रीनकार्ड, मुक्काम आमच्याच घरी, बे एरिया. गुडघे गेलेले, मधुमेह, इन्शुलिन चालू, आणि हल्ली विसरणंही बरंच वाढलंय. साबु (सासरेबुवा) सोबत आहेत, वय ८४, तब्येतीने ठणठणीत. दोघांचं मेडी-कॅल (कमी मिळकतवाल्यांसाठी कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा) आहे.
प्रश्न: सुरुवात कुठून? घरी येणारे सोशल वर्कर नक्की काय बघतात? तास कसे ठरतात? घरातल्याच माणसाला पैसे मिळतात का?
नुसतं "काउंटीला फोन करा" नको, त्याच्या पुढचं सांगा.

उंटावरचा_शहाणा
काउंटीला फोन करा.
(पहिला नंबर लावून घेतला. आता जाणकार येतीलच.)

फॉर्मभरू
फोन तर करावाच लागतो, पण पुढचं सांगतो.

योजना राज्याची, चालवते काउंटी (म्हणजे इथला जिल्हा), पैसे मेडी-कॅलमधून. मेडी-कॅल ही पहिली पायरी तुमची झालेली आहे. ज्यांची नाही त्यांनी दोन्ही अर्ज एकदमच टाकावेत, एक मंजूर होईपर्यंत दुसरा अडवून ठेवू नये. अर्जाचा फॉर्म एसओसी २९५. फोनवर सांगून, फॅक्सने, प्रत्यक्ष जाऊन किंवा काही काउंटींत ऑनलाइन देता येतो. अर्ज नोंदल्याची तारीख लिहून ठेवा, कारण पुढे मंजुरी मिळाली तर मागच्या काळाचा हिशेब त्या तारखेवरून निघतो.

मग काउंटी एसओसी ८७३ पाठवते. हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. काउंटीने मागितल्यापासून ४५ दिवसांत परत गेलं पाहिजे. नाही गेलं तर अर्ज नामंजूर, मग पेशंट कितीही आजारी असो. सबळ कारण असेल तर मुदत वाढवून मिळते, पण ती मुदत संपायच्या आत मागायची.

त्यानंतर सोशल वर्करची घरभेट, मग टपालाने निर्णयाचं पत्र, त्याला नोटीस ऑफ अ‍ॅक्शन म्हणतात. तोवर मदतनिसाची, म्हणजे प्रोव्हायडरची नोंदणी समांतर चालू ठेवा. मंजुरी आली आणि प्रोव्हायडरची नोंदणीच नाही, असं झालं की पैसे अडकतात.

हळदीचं_पान
८७३ बद्दल जोड. डॉक्टर निदान ऐसपैस लिहितात आणि कामाचे दोन प्रश्न मोकळे सोडतात. पहिला: ही व्यक्ती रोजच्या कामांपैकी एखादं काम मदतीशिवाय करू शकत नाही, असं आहे का? दुसरा: ही सेवा मिळाली नाही तर तिला घराबाहेर, संस्थेत ठेवावं लागण्याचा धोका आहे का? दोन्हींचं उत्तर "हो" हवं. एक जरी रिकामा राहिला तरी फॉर्म परत येतो. पेशंट नर्सिंग होमला जायला नको म्हणतोय म्हणून काही डॉक्टर दुसऱ्याला "नाही" लिहितात. त्यांना सांगा, प्रश्न इच्छेचा नाही, मदत काढून घेतली तर काय होईल याचा आहे.

फॉर्म रिसेप्शनवर ठेवून येऊ नका, तिथे तो गठ्ठ्यात जातो. भेटीची वेळ घेऊन समोर भरून घ्या. एमडीच हवेत असंही नाही. नर्स प्रॅक्टिशनर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट यांची सही चालते. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी चालू असेल तर तो माणूस फॅमिली डॉक्टरपेक्षा चांगला भरेल, कारण पेशंट खुर्चीतून उठताना त्याने पाहिलेला असतो.

सातासमुद्रापार
मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा) असताना मेडी-कॅलची भानगड कशाला? मेडिकेअर नर्स पाठवतं की घरी.

फॉर्मभरू
@सातासमुद्रापार, ती वेगळी. मेडिकेअरची होम हेल्थ म्हणजे हॉस्पिटलमधून सुटल्यावर वगैरे डॉक्टरांच्या आदेशाने ठरावीक काळ येणारी नर्स किंवा थेरपिस्ट. जखम भरली, पेशंट चालायला लागला की ती बंद. रोज अंघोळ घालायला, जेवण करायला कायमचं माणूस मेडिकेअर देत नाही. आयएचएसएस नेमकं तेच देतं. मात्र इथे माणूस काउंटी पाठवत नाही. तो तुम्ही शोधायचा, तुम्हीच शिकवायचा, पटला नाही तर तुम्हीच काढायचा. पगार राज्य देतं. माणूस सापडत नसेल तर काउंटीच्या पब्लिक अथॉरिटीकडे यादी असते.

बाराखडी
सोशल वर्कर काय बघतात याचं उत्तर. त्यांच्यासमोर कामांची यादी असते: अंघोळ, कपडे, संडास-लघवी, भरवणं, घरातल्या घरात चालणं, उठणं-बसणं, कूस बदलणं, स्वयंपाक, भांडी, कपडे धुणं, किराणा, साफसफाई, डॉक्टरकडे सोबत. बहुतेक कामांना १ ते ५ रँक देतात. १ म्हणजे स्वतः करते. २ म्हणजे तोंडाने आठवण किंवा सूचना पुरते. ३ म्हणजे थोडा हात लावावा लागतो. ४ म्हणजे बराच. ५ म्हणजे मदतनिसाशिवाय ते काम होतच नाही. ६ हा वेगळा आकडा, इंजेक्शनसारख्या वैद्यकीय कामांचा.

आपण मार खातो तो इथे. सोशल वर्कर विचारते, "अंघोळ तुम्ही स्वतः करता का?" आणि पाहुण्यांसमोर अघळपघळ बोलायचं नाही या शिस्तीत आयुष्य गेलेल्या आजी ताठ बसून सांगतात, "हो, मी सगळं माझं मी करते." झाला रँक १. प्रत्यक्षात सून गरम-गार पाणी जुळवते, स्टुलावर बसवते, पाठ आणि पाय धुते, उठताना काखेत हात घालते. आजींच्या हिशेबी "स्वतः केली", कारण तांब्या त्यांच्या हातात होता.

म्हणून "करता का" असं विचारलं की "कशी करता" त्याचं उत्तर द्यायचं, पायरी-पायरीने. वाईट दिवस कसा असतो तेही सांगायचं. बरं दिसावं म्हणून त्या दिवशी घर आवरू नका, आणि आजींना न्हाऊमाखू घालून नवी साडी नेसवून बसवू नका. दुभाषा फुकट मिळतो, तो अर्जाच्या वेळीच मागा. घरच्यांनी भाषांतर केलं की आजींचं "हो हो" तसंच्या तसं पोचतं किंवा मुलगा मध्येच वाद घालतो, दोन्ही वाईट.

साडीचा मुद्दा मुद्दाम सांगतो. कपड्यांच्या रकान्यात समोरचा माणूस गाऊन किंवा पँट-शर्ट धरून चालतो. परकर, ब्लाउजचे हूक, निऱ्या, पदर, पिन, आणि हे सगळं गुडघे वाकत नसलेल्या माणसाला उभं धरून. किती मिनिटं लागतात ते सांगा, हवं तर करून दाखवा. संडासचंही तसंच. आपल्याकडे पाण्याने धुणं असतं. मागून हात पोचत नसेल तर ते काम दुसऱ्याला करावं लागतं, आणि हे बोलायला सगळेच लाजतात. त्या रकान्यातले तास घरोघरी असेच बुडतात.

दुपारचा_चहा
+१. "मी सगळं करते" ही आपली राष्ट्रीय आपत्ती आहे.

उंटावरचा_शहाणा
आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने सोशल वर्करलाच पोहे करून घातले असते आणि स्वयंपाकाला रँक १ मिळवला असता.

गणितमास्तर
आता आकडे. प्रत्येक कामाला प्रत्येक रँकसाठी आठवड्याच्या वेळेची पट्टी ठरलेली आहे. सोशल वर्कर त्या पट्टीत बसवतात. बाहेर गेलं तर कारण लिहावं लागतं, पण बाहेर जाता येतं.

अंघोळ, तोंड धुणं, केस वगैरे: रँक २ ला ०.५० ते १.९२ तास, रँक ४ ला २.३५ ते ४.०८.
कपडे: रँक २ ला ०.५६ ते १.२०, रँक ४ ला १.५० ते २.३३.
संडास-लघवी: रँक २ ला ०.५८ ते २.००, रँक ४ ला २.९१ ते ५.८३.
स्वयंपाक: रँक ४ ला ५.२५ ते ७, रँक ५ ला सरळ ७.

हे दशांशात आहेत हं. २.३५ म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटं नव्हे, दोन तास एकवीस मिनिटं. पत्रात तास-मिनिटं येतात आणि माणसं दोन्ही आकडे शेजारी ठेवून "कापले" म्हणून भांडत बसतात.

अंगणवेलताईंच्या साबांचं उदाहरण, मिनिटं माझ्या अंदाजाची. अंघोळ रोज २५ मिनिटं, आठवड्याला २ तास ५५. कपडे दोन वेळा मिळून २० मिनिटं, आठवड्याला २ तास २०. संडास-लघवी दिवसातून ८ वेळा, दर खेपेला ५ मिनिटं, आठवड्याला ४ तास ४०. स्वयंपाक रोज तासभर, ७ तास. झाले १६ तास ५५ मिनिटं. महिना काढायला ४.३३ ने गुणायचं, ७३ तासांच्या आसपास.

इन्शुलिन विसरू नका! साखर तपासणं आणि टोचणं दिवसातून तीनदा, दर वेळी १० मिनिटं धरली तर आठवड्याला साडेतीन तास. बेरीज २० तास २५ मिनिटं. अंगाशी संबंधित कामं, स्वयंपाक आणि वैद्यकीय कामं मिळून आठवड्याला २० तास झाले की व्यक्ती "गंभीर" गटात जाते. महिन्याची कमाल मर्यादा २८३ तास आहे.

सोशल वर्करने विचारायच्या आधी एक आठवडा मिनिटांची वही ठेवा. काम, किती वेळा, किती मिनिटं. निदानाच्या फायलींपेक्षा ती वही जास्त कामाची, कारण इथे मोजमाप आजाराचं होत नाही, दुसऱ्याच्या हाताला लागणाऱ्या वेळाचं होतं.

हळदीचं_पान
@गणितमास्तर, इन्शुलिनचे तास सोशल वर्कर आपणहून देऊ शकत नाहीत. त्याला एसओसी ३२१ लागतो. काम कोणतं, किती वेळा आणि दर वेळी किती मिनिटं, हे डॉक्टरच त्यावर लिहितात. नळीने अन्न, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग यांनाही हाच फॉर्म. ८७३ सोबतच तो पुढे करा, म्हणजे दोनदा खेप नको. "रोज इन्शुलिन" एवढंच लिहिलं तर फॉर्म परत येणार.

कोकणचा_फणस
गणितमास्तरांच्या बेरजेतला स्वयंपाक एवढा सोपा नाही. दोन गोष्टी आड येतात.

एक, वाटणी. घरात सहा माणसं आणि एकच स्वयंपाक असेल तर वेळ माणशी वाटला जातो. किराणा, कपडे धुणं, सामायिक खोल्यांची सफाई यांचंही तेच. सफाई तर मुळातच अख्ख्या घराला महिन्याला ६ तास धरतात, त्यातला साबांचा वाटा किती उरणार? कपडे घरच्या मशीनवर असतील तर आठवड्याला १ तास, किराणा १ तास, इतर बाहेरची कामं अर्धा तास. अंघोळ-संडास यांची मात्र वाटणी होत नाही.

पण साबांचं जेवण वेगळं शिजत असेल, म्हणजे बिनसाखरेचं, मऊ भात, बारीक केलेली भाजी, वेगळ्या वेळेला, तर ते वेगळं काम आहे आणि त्याची वाटणी होत नाही. हे आपणहून सांगायचं. विचारलं जाईलच असं नाही.

दोन, साबु. "ठणठणीत" नवरा घरात आहे, त्याला काम करता येतं आणि वेळही आहे, असं ठरलं की स्वयंपाक, सफाई, किराणा, धुणं यांचे तास मिळतच नाहीत. ती कामं त्याने विनामोबदला करावीत अशी अपेक्षा आहे.

दुपारचा_चहा
८४ वर्षांच्या मराठी सासऱ्यांनी स्वयंपाक करावा अशी अपेक्षा! कॅलिफोर्निया सरकारचा आशावाद दांडगा.

कोकणचा_फणस
हसू नका, हाच मुद्दा आहे. "त्यांनी कधी केला नाही" हे कारण चालत नाही. "हात कापतो, उभं राहवत नाही, दिसत नाही, गॅसची भीती" हे चालतं, आणि त्याला त्यांच्या डॉक्टरांचं पत्र लागतं. ८४ व्या वर्षी खरोखर ठणठणीत फार थोडे असतात. साबुंचीही तपासणी करून घ्या, कदाचित त्यांचाच वेगळा अर्ज होईल.

टोकदार
विषयाला सोडून वाटेल, पण कोणीतरी बोललं पाहिजे. आई-वडिलांना ग्रीनकार्डवर आणताना आपण फॉर्म आय-८६४ वर सही करतो की यांचा भार सरकारवर पडू देणार नाही. मग दोन-दोन टेस्ला दारात असलेल्यांनी सासूच्या अंघोळीचे पैसे सरकारकडून घ्यायचे? कायद्यात बसतं म्हणून सगळं योग्य का?

फॉर्मभरू
@टोकदार, आय-८६४ हा खराखुरा करार आहे आणि ज्या सरकारी खात्याने लाभ दिला ते स्पॉन्सरकडे भरपाई मागू शकतं, हे बरोबर. स्पॉन्सर केलेली व्यक्ती नागरिक झाली, तिच्या खात्यात कामाचे ४० तिमाही जमा झाले, ती कायमची देश सोडून गेली किंवा वारली, की तो करार संपतो. सही करणाऱ्याने हे वाचूनच पुढे जावं. मात्र पात्रता आई-वडिलांच्या मिळकतीवर ठरते, दारातल्या गाडीवर नाही. आणि ही सेवा घेणारी व्यक्ती नर्सिंग होमला गेली तर सरकारचा खर्च कितीतरी वाढतो. योजना काढलीय ती त्यासाठीच.

टोकदार
युक्तिवाद पटला नाही, माहिती पटली. मी थांबतो.

सातासमुद्रापार
मिळकतीचं नीट कोणी सांगेल का? पुण्यातला फ्लॅट, बँकेतल्या एफडी, पेन्शन?

फॉर्मभरू
मेडी-कॅलची मालमत्तेची अट १ जानेवारी २०२४ ला काढली होती. १ जानेवारी २०२६ पासून ती परत आली: एकट्या व्यक्तीला १,३०,००० डॉलर, जोडप्याला १,९५,०००. स्वतः राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत. तुमच्या घरात राहत असतील तर तुमचं घर त्यांच्या नावावर मोजलं जात नाही. पुण्यातला फ्लॅट आणि एफडी परदेशात आहेत म्हणून सुटत नाहीत, अर्जात दाखवाव्या लागतात. भारतातलं पेन्शन हेही उत्पन्नच. ६५ वरच्यांसाठीची २०२५ ची मर्यादा एकट्याला महिना १,८०० डॉलरच्या आसपास होती, ती दर वर्षी बदलते. उत्पन्न वर गेलं तर दार बंद होत नाही, पण "शेअर ऑफ कॉस्ट" म्हणजे दर महिन्याला आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम लागू शकते.

ग्रीनकार्डला ५ वर्षं झाली नसतील तर केंद्राचा पैसा मिळत नाही. कॅलिफोर्निया तो खर्च स्वतःच्या तिजोरीतून करत आलंय. इमिग्रेशनचे नियम सध्या हलताहेत, त्यामुळे नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आधी कायदा मदत केंद्रात विचारावं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी यात पडूच नये.

पेठकर_नाही
इकडे महाराष्ट्रात असं काही आहे का? म्हणजे सरकारी खर्चाने घरी माणूस?

बाराखडी
@पेठकर_नाही, घरी माणूस नाही, खात्यात रोख. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या दोन मुख्य योजना. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. महिना १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी ते २०२५ च्या शरदात २,५०० झाले. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये इतकी कमी आहे की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळवणं हीच खरी परीक्षा. दिव्यांगांना आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) लागतं, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर मंजूर झालेलं अनुदानही लटकतं.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असेल तर निरामय विमा बघा, १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून घ्यावं लागतं, हे फार जणांना माहीत नसतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पेठकर_नाही
धन्यवाद. २,५०० मध्ये आमच्याकडे चार दिवसांची आया येते.

उंटावरचा_शहाणा
तुमच्याकडे स्वस्ताई आहे मग.

अंगणवेल
सगळ्यांचे आभार, वही चालू केली. आता विसरण्याबद्दल. साबा रात्री उठून दार उघडतात, गॅस चालू ठेवतात. त्याचे तास असतात का? "पडू नयेत म्हणून लक्ष ठेवावं लागतं" असं लिहू का?

बाराखडी
असं अजिबात लिहू नका! नेमक्या याच वाक्यावर अर्ज पडतात.

तुम्ही म्हणताय ती सेवा म्हणजे प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन, सुरक्षेसाठीची देखरेख. ती मंजूर झाली की तास १९५ ते २८३ च्या घरात जातात, म्हणून काउंटी ती बारकाईने तपासते. मिळते कोणाला? ज्यांची स्मृती, दिशाभान किंवा सारासार विचार मानसिक कारणाने इतका बिघडलाय की धोका कळत नाही, आणि ज्यांच्यावर चोवीस तास नजर हवी. गुडघे कमजोर म्हणून पडण्याची भीती यात बसत नाही. शुगर उतरून चक्कर येईल म्हणून लक्ष ठेवणंही नाही. जाणूनबुजून केलेली मारहाण, आरडाओरडा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही बहुधा नाकारतात, कारण तो उठून धोक्यात जाऊच शकत नाही.

आता तुमचंच वाक्य बघा. "गुडघे दुखतात म्हणून पडतील" हे शारीरिक. "आपल्याला चालता येत नाही हेच विसरून वॉकर न घेता उठतात, सांगितलेलं दोन मिनिटांत विसरतात" हे मानसिक. पडणं तेच, पण निकाल वेगळा.

डॉक्टरांसाठी एसओसी ८२१. त्यात स्मृती, दिशाभान, निर्णयशक्ती यांच्या ऱ्हासाच्या पायऱ्या आहेत. "सौम्य" वर खूण झाली तर पुढे काही होत नाही. तुमच्या डॉक्टरांनी साबांना दवाखान्यात वीस मिनिटं पाहिलेलं असतं, आणि तेवढा वेळ त्या मस्त गप्पा मारतात. म्हणून घटनांची नोंद आधी त्यांच्या हातात द्या. नोंद अशी: तारीख, वेळ, काय केलं, कोणी अडवलं, अडवलं नसतं तर काय झालं असतं. गॅस चालू, वर भांडं नाही. रात्री अडीचला दाराची कडी काढली. गोळी घेतल्याचं विसरून दुसरी हातात. देवघरात निरांजन लावून पदर त्याच्यावरून नेला. झालेले अपघातच लिहायचे असं नाही, टळलेले जास्त महत्त्वाचे. तुम्ही इतकं छान सांभाळता की अपघात होतच नाही, आणि काउंटी म्हणते धोकाच नाही.

चोवीस तासांपैकी कोणत्या वेळी कोण जवळ आहे याचा आराखडाही द्यावा लागतो, त्याचा फॉर्म एसओसी ८२५. मंजूर तासांच्या बाहेरचा वेळही भरून दाखवायचा.

हळदीचं_पान
यात भर: साबा डे केअरला जात असतील तर तिथले तास देखरेखीतून वजा होतात. तरी पाठवावं असं माझं मत. आठवड्यात दोन-तीन दिवस घरच्यांना श्वास मिळतो.

कोकणचा_फणस
प्रोव्हायडरबद्दल अजून कोणी बोललं नाही. घरच्या माणसाला पैसे मिळतात, सून, मुलगा, मुलगी, नातू. अट एकच, अमेरिकेत काम करण्याची परवानगी हवी. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांना चालत नाही, कारण ती परवानगी एकाच मालकापुरती. एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर चालतं, नसेल तर नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी तर विचारही करू नये. "काय होतंय" म्हणून केलेलं काम पुढे ग्रीनकार्डच्या वेळी वर येतं.

नोंदणी: एसओसी ४२६, मूळ ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवणं, बोटांचे ठसे (त्याची फी स्वतःची), ओरिएंटेशन, शेवटी एसओसी ८४६ करार. नाव तिन्ही कागदांवर हुबेहूब एक हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, कार्डावर नवऱ्याचं, असं असतं आणि त्यावर फाइल अडते.

गणितमास्तर
करांचं राहिलं. प्रोव्हायडर आणि रेसिपियंट (सेवा घेणारी व्यक्ती) एकाच घरात राहत असतील तर एसओसी २२९८ भरायचा. आयआरएसच्या (केंद्राच्या करखात्याच्या) नोटीस २०१४-७ नुसार ते वेतन केंद्राच्या आयकरातून वगळतात. हा फॉर्म आपोआप येत नाही, मागून भरायचा.

टाइमशीट महिन्यातून दोनदा, १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर, ऑनलाइन किंवा फोनवर. रेसिपियंटने मान्यता दिल्याशिवाय पैसे निघत नाहीत. स्मृती गेली असेल तर मान्यता देणारा दुसरा माणूस आधीच नेमून ठेवा. पैसे घेणारा आणि मान्यता देणारा एकच असू नये. एकाच प्रोव्हायडरने दोघांची कामं केली, म्हणजे साबा आणि उद्या साबु, तर आठवड्याला ६६ तासांची मर्यादा येते. त्यातून सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते.

फॉर्मभरू
आणि हे ठळक करून वाचा: पेशंट हॉस्पिटलमध्ये भरती असेल त्या दिवसांचे तास लावायचे नाहीत. साबा-साबु तीन महिने भारतात गेले तर त्या काळाचेही नाहीत. जाण्याआधी सोशल वर्करला आणि मेडी-कॅलला तारखा कळवायच्या. "इथे असताना जास्त काम होतं, तिकडचे तास त्यात लावले" हा हिशेब फसवणुकीत जातो आणि वसुलीसह परत येतो. सहा महिन्यांहून लांब मुक्काम झाला तर ग्रीनकार्डाचेही प्रश्न विमानतळावर सुरू होतात.

दुपारचा_चहा
तास कमी मंजूर झाले तर? पत्र आलं की गप्प बसायचं?

बाराखडी
अजिबात नाही. पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत स्टेट हिअरिंग, म्हणजे राज्यापुढे सुनावणी, मागता येतं, वकील सक्तीचा नाही. आधीपासून चालू असलेले तास कापले जाणार असतील तर कपात लागू व्हायच्या तारखेआधी अर्ज करा, म्हणजे निकाल लागेपर्यंत जुने तास चालू राहतात. नव्वद दिवस हातात आहेत म्हणून निवांत बसलात तर ती सोय गेली.

आधी सोशल वर्करकडून एसओसी २९३ मागून घ्या. प्रत्येक कामाला कोणता रँक दिला ते त्यात दिसतं. मग मिनिटांची वही शेजारी ठेवायची आणि जिथे फरक आहे तेवढ्याच ओळींवर बोलायचं. "आमच्यावर अन्याय झाला" याने काही हलत नाही. "संडास-लघवीला रँक २ दिलाय, धुणं आणि उठवणं दोन्ही दुसऱ्याला करावं लागतं, ही वही, हे फिजिओथेरपिस्टचं पत्र" याने हलतं. पुष्कळदा हिअरिंगच्या आधीच काउंटीचा माणूस फोन करतो आणि तडजोड सुचवतो. तडजोड लेखी घ्या, तास आणि तारीख दोन्ही लिहून.

मंजूर झालं तरी वर्षातून एकदा पुन्हा तपासणी असते. मधल्या काळात तब्येत ढासळली तर वर्ष पुरं व्हायची वाट बघायची नाही, तेव्हाच पुनर्तपासणी मागायची.

टोकदार
थांबतो म्हणालो होतो, पण एक उपयोगाचं. साबांचं नागरिकत्व ५ वर्षांनी घ्यायचं असेल आणि डिमेन्शियाचं निदान झालं असेल तर इंग्रजी आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेतून सूट मिळते, फॉर्म एन-६४८. तो एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनीच भरायचा. ८२१ साठी डॉक्टरांकडे जाल तेव्हाच विषय काढा, दोन्हीत लिहिलेलं एकमेकांशी जुळलं पाहिजे. आणि नागरिकत्व मिळालं की ते आय-८६४ पण सुटतं.

उंटावरचा_शहाणा
टोकदार यांचं टोक बोथट झालेलं पाहून डोळे पाणावले.

अंगणवेल
२९५ आज फोनवर नोंदवला, तारीख लिहून ठेवली. मराठी दुभाषा मागितला तर पलीकडून "हिंदी चालेल का" विचारलं. काय करू?

बाराखडी
साबांना हिंदीत "कूस बदलणं", "हात पोचत नाही" हे सहज सांगता येत असेल तर चालेल. नसेल तर मराठीच हवा म्हणा, फोनवरचा दुभाषा मिळतो. आणि एक: घरभेटीची वेळ ठरवायला येणारा फोन बऱ्याचदा लपवलेल्या नंबरवरून येतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, स्पॅम समजून कापू नका. दोन-तीनदा उचलला नाही तर "संपर्क झाला नाही" म्हणून फाइल बंद करतात.